चाकांवरचे बिऱ्हाड

वाचकहो, दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसविलेल्या द्वारकेत आपण आलात, तर सहकारी गृहसंस्थांच्या उंच इमारतींच्या रांगाच रांगा आपणांस दिसतील. येथे अनेकांनी आयुष्यभराच्या बचतीतून घर मिळविले आहे. अशाच एका घरात बसून मी फायबरग्लासच्या प्रवासी ट्रेलरविषयीच्या लेखाचे भाषांतर करीत होते.

‘बोलर’ नावाचा असा ट्रेलर 1968 मध्ये कॅनडातील विनिपेग येथे तयार झाला. साच्यातून काढलेली वरची व खालची अशी दोन कवचे मध्यावर जोडावयाची. छपरास जोड नाही, म्हणून गळतीचे भय कमी. वजन इतके हलके की लहान मोटारीलाही तो ओढता येतो. लांबी सुमारे 13 फूट. तरी आत निजावयास जागा, शेगडी आणि मेज आहे.

यास मराठीत काय म्हणावे? ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आठवली, आणि दिल्लीच्या रस्त्यांकडेला घण घालणारे गाडिया लोहार डोळ्यांपुढे आले. 1568 मध्ये चितोड पडले. ते मुक्त होईपर्यंत घरात न राहण्याची शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली, अशी परंपरा आहे. बैलगाडी हेच त्यांचे घर झाले. 1955 मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडात नेले. तरी कित्येकांना हक्काचे छप्पर अद्याप मिळालेले नाही.

अखेर मी ‘फिरते घर’ असे लिहिले. परतण्यास दुसरे घर असेल, तरच भटकण्यात सुख असते. ‘बिऱ्हाड’ हा शब्द मी त्या लोहारांसाठी राखून ठेवला आहे.