बावीस पायऱ्या



मी सध्या लेकीकडे सिंगापूरला, सेम्बावांग भागात राहते. परवा इस्राएलहून शेजारणीचा फोन आला. आमच्या गावच्या इरियाची इमारत फार जुनी झाली, म्हणून आता नवी बांधायची बोलणी चालली आहेत. बाई म्हणाली, "पाडून टाकू दे एकदाची ती. तुझ्या घरच्यांना किती त्रास झाला होता तिथे!"

फोन ठेवला आणि ती गोष्ट पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. ह्यांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. आरनोनाच्या सवलतीचा कागद घेऊन आम्ही गेलो. खिडकी वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. वर जायला बावीस पायऱ्या, त्या मीच मोजल्या. वरच्या बाईंना मी म्हटलं, "अहो, माणूस खाली बसला आहे, एक सही घ्यायची आहे, दोन मिनिटं खाली येता का?" त्या म्हणाल्या, खिडकी सोडता येत नाही. शेवटी दोन तरुण मुलांनी ह्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. सही झाली, सवलतही मिळाली. पण घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "आज मला सामानासारखं नेलं." त्यानंतर ते त्या इमारतीत कधी गेले नाहीत. आता ते राहिले नाहीत.

तेव्हा शेजारणीचं म्हणणं मला पटायला हवं होतं. पण पटलं नाही. का, ते सांगते.

इथे आमच्या घराजवळ एक टेकडी आहे. टेकडीवर एक जुना बंगला आहे. 1940 च्या सुमारास इंग्रजांनी तो आपल्या आरमाराच्या मोठ्या अधिकाऱ्यासाठी बांधला. त्यांचा मोठा नाविक तळ इथेच होता, आणि त्यात हिंदुस्थानातून, विशेष करून केरळातून आलेले कितीतरी लोक कामाला होते. बंगला ॲडमिरल्टी हाउस म्हणून ओळखला जातो. 2002 साली तो राष्ट्रीय स्मारक ठरला. मग ह्या भागातल्या लोकांसाठी नवी सार्वजनिक जागा बांधायची ठरली, तेव्हा बंगला पाडला नाही. तो ठेवला, आणि त्याच्याभोवती सुमारे बारा हेक्टर जागेत नवं बांधकाम केलं. त्याचं नाव बुकित कॅनबेरा. बुकित म्हणजे मलय भाषेत टेकडी.

तिथे काय नाही! पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा, खाण्याच्या गाड्यांचा मोठा बाजार, सरकारी दवाखाना, म्हाताऱ्यांसाठी वेगळी सोय. बाजार 2022 अखेरीस उघडला, दवाखाना 2023 च्या डिसेंबरात. बाजारातलं आपल्याला चालत नाही, मी आपली फळं घेते. पण तिथे बसायला मला आवडतं. मी जन्मभर नर्सचं काम केलं, त्यामुळे माझी नजर आधी पायांकडे जाते. काठीवाले, चाकाच्या खुर्चीवाले, बाबागाडीवाल्या आया, सगळे आपापले येतात. कोणाला कोणी उचलत नाही. माझी नात म्हणाली, "आजी, ही इमारत टेकडीवर चढली नाही, टेकडीवर झोपली आहे." पोरीने बरोबर ओळखलं. इमारत उंच नेली नाही, टेकडीच्या उतरणीवर पसरली आहे.

इथली राहती घरंसुद्धा पूर्वी अशी नव्हती. जुन्या सरकारी इमारतींत लिफ्ट ठराविक मजल्यांवरच थांबायची, बाकीच्यांनी जिना चढायचा. 2001 पासून त्या सुधारायचा कार्यक्रम सुरू झाला आणि शक्य तिथे प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबू लागली. त्यासाठी घरं पाडावी लागली नाहीत.

शहरातली जुनी म्युनिसिपालिटीची इमारतही अशीच वाचली. 1929 मध्ये ती पुरी झाली, 1951 मध्ये तिला सिटी हॉल नाव मिळालं. 1945 साली जपान्यांनी शरणागतीवर सही केली तीही तिथेच. कचेऱ्या हलल्या, आणि 2015 पासून तिथे चित्रांचं संग्रहालय आहे. मुंबईचंच बघा. बोरीबंदरसमोरची महानगरपालिकेची इमारत 1893 ची आहे. आपले बेने इस्राएल डॉक्टर ई. मोझेस 1937 साली मुंबईचे महापौर झाले, ते ह्याच इमारतीत. महालक्ष्मीच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. ती पाडली असती तर मी नातीला काय दाखवलं असतं? रस्त्याची पाटी?

म्हणून मी शेजारणीला परत फोन केला. म्हटलं, "बाई, दोष भिंतींचा नाही, पायऱ्यांचा आहे. आणि त्याहून जास्त, खाली न उतरणाऱ्या खिडकीचा."

ती म्हणाली, "मग पायऱ्यांवर उतार करा म्हणावं." तेही सोपं नाही. चाकाच्या खुर्चीला एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार लागतो, नाहीतर माणूस मागे घसरतो. बावीस पायऱ्या म्हणजे साधारण साडेतीन मीटर. त्याला चाळीस मीटरच्या वर उतार हवा, मध्ये दम खायला सपाट जागा वेगळी. एवढं अंगण आमच्या इरियाला कुठून आणणार? त्यापेक्षा माणसांची कामं तळमजल्यावर आणा आणि कागदांची कपाटं वर न्या. कपाटांचे गुडघे दुखत नाहीत.

आम्ही दोघींनी मिळून इरियाला पत्र लिहायचं ठरवलं आहे. मी मराठीत सांगते, तिचा नातू हिब्रूत लिहितो. मागण्या चारच. जुनी इमारत ठेवा. म्हाताऱ्यांची खिडकी तळमजल्यावर असू द्या. हातांच्या खुर्च्या ठेवा, कारण आम्ही हातांवर जोर देऊन उठतो. आणि लिफ्ट बंद पडली तर काय करायचं, ते आधीच ठरवून भिंतीवर लावा. ह्यांचं नाव पत्रात घालायचं नाही असं आधी म्हटलं होतं. मग घातलं. ते जिवंत असताना मी भांडले नाही, सही झाली ह्यातच समाधान मानलं.

आपल्यातले बरेच जण म्हणतात, "आता आमचे किती दिवस राहिले? नवी इमारत तरुणांनी ठरवावी." असं म्हणू नका हो. तरुण ठरवतील, पण पायऱ्या त्यांना दिसत नाहीत. त्या आपल्यालाच दिसतात.

बालवाचकांनो, तुम्हाला एक काम. तुमच्या गावच्या इरियात जा, दारापासून खिडकीपर्यंतच्या पायऱ्या मोजा आणि आजी-आजोबांना सांगा. मग त्यांच्याकडून पत्र लिहून घ्या. हिब्रू तुम्ही बघा, मराठी ते बघतील.