भाजणीतला जास्तीचा उडीद

आमच्या घरच्या थालिपिठाच्या भाजणीत उडीद जरा जास्तच असतो. मित्रांच्या घरून प्रमाणं मागवून पाहिली, तर आमचा जवळजवळ दुप्पट निघाला. का, ते आईला ठाऊक नव्हतं. 'सासूबाईंनी सांगितलं तसं घालते,' इति मातोश्री. पंधरा वर्षं जुन्या प्रोग्रॅममध्ये अशीच एखादी विचित्र ओळ असते. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला, कॉमेंट नाही, आणि काढायची कुणाची छाती होत नाही. इथे मात्र लिहिणारी व्यक्ती वयाच्या ८४ व्या वर्षी पुढच्या खोलीत बसून मालिका बघते! म्हणून गेल्या दिवाळीत वही घेऊन आजीसमोर बसलो.

पहिली अडचण मापांची. मेट्रिक मापं देशात १९६२ पर्यंत सक्तीची झाली, आजीच्या डब्यापर्यंत ती अजून पोचायची आहेत. :-) हिशोब तसा सोपा. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सगळं दोनाच्या पटीत, म्हणजे आमच्यासारख्यांना माहेरच की! फक्त हा शेर वजनाचा नाही, भरून घ्यायच्या मापाचा, त्यामुळे किलोत बदलायला गेलात की फसलात.

मग उडदाचं विचारलं. आजी म्हणाली, "ते मिलोमुळं."

१९७२ चा दुष्काळ. माण तालुक्यात शेतं कोरडीच राहिली. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो मिळायची. तिच्या पिठाचं थालीपीठ थापलं की चिरा पडायच्या, उलटताना तव्यावर तुकडे. आजीच्या माहेरून थोडे उडीद आले होते, ते तिने दर खेपेला मूठमूठ वाढवत नेले, थालीपीठ धरेपर्यंत. कारण ते फडक्यात बांधून न्यायचं होतं. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची.

हे मला माहीतच नव्हतं. बाबांना त्या कामावर पोरांना मिळायची ती सुकडी आठवते, चवीसकट. पण आई खडी फोडत होती हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाले, "त्यात काय सांगायचं?" आजोबा तर हा विषय निघाला की उठून जायचे म्हणे.

मिलो गेली, उडीद राहिला.

आईकडे 'रुचिरा'ची पानं सुटलेली प्रत आहे. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली वाटी-चमच्याची मापं देऊन किती घरांची सोय केली! पण हे 'का' त्यात कुठून येणार?

घाईचं कारण वेगळंच आहे. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणानंतर आजीला वास येत नाही. बाजरीची तडतड ती कानाने ओळखते, डाळीचा रंग डोळ्यांनी, पण धणे-जिरे कधी उतरवायचे? कढईपाशी उभी राहून आईला विचारते, "आला का गं वास?" मोबाइलवर सव्वादोन तास रेकॉर्ड केलंय, त्यात हा प्रश्न सात वेळा आहे. वास काही रेकॉर्ड होत नाही, म्हणून पुढच्या खेपेला आईच्या शेजारी मीच उभा राहणार आहे.

वहीत उडदापुढे कंसात लिहून ठेवलंय: १९७२, मिलो. चुलत बहीण म्हणते, आता मिलो नाही, मग उडीद कमी करायला काय हरकत आहे? मी आजीलाच विचारलं.

"करा की," ती म्हणाली. "तुम्हाला कुठं खडी फोडायचीय."