दोन पांढरे डाग

आमच्या गावाचं नाव गारगोटी. गारगोटी म्हणजे पांढरा चकमकीचा दगड, म्हणून घरात कुणाचे दात चमकले की आम्ही तिघी जावा 'गारगोटी दिसली' म्हणून हसतो. आमच्या भाचीचे दात मात्र पिवळसर. तिला बघायला आलेल्यांपैकी एका बाईंनी चहा पिता पिता विचारलं, "मुलगी मशेरी लावते का?" मुलगी नाही लावत, लावते तिची नानी, म्हणजे आमच्या सासूबाई. आम्ही त्यांना अम्मी म्हणतो. रिश्ता ठरला, पण तो प्रश्न पोरीच्या मनात रुतून बसला. निकाहाआधी दात पांढरे करून घ्यायचेच, असा तिने हट्ट धरला.

कोल्हापूरच्या दातांच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं, दाताचं कवच थोडं पारदर्शक असतं आणि आतला थर पिवळसर. निरोगी दातही दुधासारखा पांढरा नसतो. पाहुण्याबाईंना हे कोण सांगणार! भाचीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, म्हणून त्यांनी आधी दात साफ करून दिले आणि दोन आठवडे थांबायला लावलं. मग हिरड्या लेपाने झाकून दातांवर हायड्रोजन पेरॉक्साइडची जेल लावली. दवाखान्यातली ही जेल तीव्र असते, २५ ते ४० टक्क्यांपर्यंत. ती ब्युटी पार्लरमध्ये लावून घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. भरलेल्या दाढेचा किंवा कॅपचा रंग तिने बदलत नाही, हेही पैसे देण्याआधी माहीत असावं.

संध्याकाळी एसटीने घरी आली तेव्हा पोर रडवेली झालेली. लेपाच्या कडेने जेल झिरपली होती. हिरडीवर दोन ठिकाणी पांढरे चट्टे आणि चुरचुर. वारा लागला तरी दातांतून कळ जायची. निकाहाला वीस दिवस. अम्मींनी लवंगेचं तेल काढलं, शेजारच्या खालांनी हळद सुचवली. थोरल्या जाऊबाईंनी दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन लावला. लवंगेचं तेल सोललेल्या हिरडीला आणखी भाजतं आणि हळद नुकत्या उजळलेल्या दातांवर रंग चढवते.

उपाय साधेच निघाले. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा. मऊ ब्रश, हलका हात. दात शिवशिवतात त्यासाठी पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट. दोन दिवस चहा, कॉफी, डाळिंब, तांबडा रस्सा बंद. कोल्हापूरकरांना पांढरा रस्सा आहेच, पण तोही कोमट आणि मिरी कमी घालून. मिसवाक हिरड्या बऱ्या होईपर्यंत नको, त्याचे ताजे धागे खरखरीत असतात. पहाटेच्या वजूला बादलीतलं गार पाणी तोंडात घेतलं की ती कळवळायची, म्हणून धाकटी जाऊ कुल्लीपुरतं पाणी कोमट करून ठेवायची. रमजानमध्ये असलं काम काढू नये, असं आम्हाला वाटतं. दिवसभर चुळा, औषध कसं जमणार?

दुसऱ्या दिवशी चट्टे फिके झाले, चौथ्या दिवशी चुरचुरही गेली. आठवडाभर राहिली किंवा पू दिसला तर लगेच दाखवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती वेळ आली नाही.

भाचीची हिरडी आम्ही टॉर्चने बघत होतो तेव्हा अम्मी म्हणाल्या, "माझ्यापण आहे तसलाच डाग. चार महिने झाले. जाईल तोबी." गाल ओढून दाखवला तर आत, जिथे त्या मशेरी धरून ठेवतात तिथेच, पांढरा, जाडसर चट्टा. बोटाने पुसला जात नव्हता आणि दुखतही नव्हता. न दुखणाऱ्या डागाकडे कोण बघतं? २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण तव्यावर भाजलेली तंबाखू आपल्या स्वयंपाकघरातली, तिला आपण दंतमंजन म्हणतो.

भाचीला पुन्हा दाखवायला नेलं त्या दिवशी अम्मींनाही सोबत नेलं. साधारण ५० किलोमीटरच्या प्रवासात त्या एकच वाक्य बोलल्या, "लग्नघरात माझं काय काढलं?" डॉक्टरांनी भाचीचे दात मिनिटभर पाहिले आणि अम्मींचा गाल बराच वेळ. मशेरी आजपासून बंद, म्हणाले, आणि छोटासा तुकडा तपासायला काढून घेतला.

निकाह रविवारी आहे. भाची आरशासमोर हसून बघते. अम्मींना मशेरीविना तिसरा दिवस आहे. चिडचिड करतात, बडीशेप चघळतात. अहवाल जुम्याच्या आधी येईल म्हणालेत.