विद्येची पेढी

पैसा पेढीत ठेवावा, हे वडिलांनी शिकवले. विद्याही ठेवता येते, हे सरकारने! २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची बँक काढली. शिक्षण मध्येच सुटले, तरी मिळवलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे तिथे जमा राहतात आणि पुढे पदवीच्या कामी येतात. दोडामार्गाहून रोज गोव्यात कामाला जाणाऱ्या आमच्या पोरींना हा केवढा आधार!

माझी जुनी गुणपत्रके मात्र या पेढीत चालत नाहीत. २०२१-२२ पूर्वीची जमा ती घेत नाही. ती गुणपत्रके एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्रासोबत ट्रंकेत पडून आहेत. पण तेव्हा शिकलेल्या संगणकावरच मी आज शेजारच्या मुलांचे अर्ज भरून देते. यंदा नाशिकच्या मुक्त विद्यापीठात पहिल्या वर्षाला नाव घातले आहे. या वयात नवी ठेव ठेवायची, ती काय व्याजासाठी?