काफिल्याच्या मागून

परीक्षा संपत आल्या की आमच्या घरात सहलीच्या गप्पा सुरू होतात. यंदा मुन्नारजवळचे एरविकुलम राष्ट्रीय उद्यान पाहायचे ठरले. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने थेट एर्नाकुलम आणि तिथून सुमारे 130 किलोमीटरचा रस्ता, त्यातला बराचसा घाटाचा. मुलांनी दोन संध्याकाळी बसून आराखडा तयार केला. पाच दिवसांत मुन्नार, ठेक्कडी, अलप्पुळा आणि जमलेच तर कोडाईकनाल! रोज फजरनंतर निघायचे आणि रात्री नव्या हॉटेलात उतरायचे.

अम्मीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "छान आहे. तुम्ही जा सगळे. मी घर सांभाळते."

हे वाक्य आम्ही भावंडे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अब्बा नोकरीसाठी आखातात होते, तेव्हा अम्मीने घर सांभाळले. पुढे नातवंडे सांभाळली. आता ती 68 वर्षांची आहे आणि तिचे गुडघे दुखतात. लग्नकार्य आणि दवाखाना सोडला तर तिचा प्रवास होत नाही. "मी घर सांभाळते" असे म्हणणाऱ्या माणसाला फिरण्याची हौस नसते, असे आपण सहज धरून चालतो. पण त्या पाच दिवसांच्या आराखड्यात तिला बसायला जागा तरी कुठे होती?

अबू दाऊदच्या हदीस संग्रहात एक गोष्ट येते. प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) काफिल्याच्या मागे राहत, थकलेल्यांना पुढे नेत, कुणाला आपल्या मागे वाहनावर बसवून घेत आणि त्यांच्यासाठी दुआ करीत. आम्ही ठरवले की आराखडाही असाच मागून करायचा. आधी अम्मीला काय जमेल ते पाहायचे, बाकीचे त्यानंतर.

मग यादीतली तीन नावे गळाली. मुन्नारला एकाच ठिकाणी तीन रात्री मुक्काम, तोही तळमजल्यावर. रेल्वेत 45 वर्षांवरील स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो आणि आरक्षण 60 दिवस आधी खुले होते. त्यामुळे तारीख आधी पक्की केली. एर्नाकुलमला उतरल्यावर लगेच घाट चढायचा नाही, एक रात्र तिथेच विसावा घ्यायचा. घाटात दर तासाला गाडी थांबवायची, पाय मोकळे करायचे.

उद्यानाची माहिती काढताना कळले की अम्मीसाठी ही जागा खरोखरच सोयीची आहे. खासगी गाड्या खालीच थांबतात. पर्यटकांना वन खात्याच्या बसने राजमलापर्यंत नेतात. पुढे चालायला पक्की वाट आहे. जितके झेपेल तितके चालावे, नाहीतर कडेला बसून समोरचा गवताळ डोंगर पाहावा. तिथला आनमुडी 2,695 मीटर उंच आहे. दक्षिण भारतात त्याहून उंच शिखर नाही. आपले कळसूबाई 1,646 मीटर, यावरून अंदाज यावा.

या 97 चौरस किलोमीटरच्या उद्यानात निलगिरी ताहर नावाच्या रानबकऱ्या राहतात. जगात त्या सर्वाधिक संख्येने इथेच आहेत. त्यांचा विणीचा हंगाम आला की साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उद्यान पर्यटकांसाठी बंद ठेवतात. नुकत्याच व्यायलेल्या माद्या आणि अडखळत चालणारी पिल्ले यांच्यासाठी सारे पर्यटक दोन महिने थांबतात. हे ऐकून आमची धाकटी म्हणाली, "म्हणजे ते लोकसुद्धा मागूनच आराखडा करतात!"

त्याच डोंगरांवर बारा वर्षांनी एकदा नीलकुरिंजी फुलते. 2006 मध्ये फुलली, 2018 मध्ये फुलली, आता 2030 मध्ये फुलेल. तेव्हाच सगळे मिळून जाऊ, अशी एक सूचना आली. अम्मी हसून म्हणाली, "2030 कुणी पाहिलंय रे?" त्यावर कुणी काही बोलले नाही. पण तिकिटे त्याच आठवड्यात काढली.

नमाजची काळजी तिला होतीच. मुसाफिराला जुहर, असर आणि इशाच्या चार रकातींऐवजी दोन पढण्याची सवलत आहे. फजर आणि मगरिब मात्र पूर्ण. केरळचे बहुतेक मुसलमान आपल्या कोकणी मुसलमानांप्रमाणेच शाफई आहेत, हे ऐकून तिला बरे वाटले. समुद्रमार्गे आलेल्या अरब व्यापाऱ्यांशी दोन्हीकडच्या लोकांचे जुने नाते आहे. तिची घडीची खुर्ची आम्ही सोबत घेणार आहोत.

एक गोष्ट तिला न विचारताच ठरवली. या सफरीत तिच्या हातात पळी द्यायची नाही. गाडीपुरता खाऊ सुना आणि मुलगे मिळून करतील.

पवित्र कुरआनात जमिनीवर फिरून अल्लाहने निर्मितीची सुरुवात कशी केली ते पाहायला सांगितले आहे. त्या आज्ञेला वयाची अट नाही आणि घर सांभाळणाऱ्यांना त्यातून वगळलेलेही नाही. तुमच्या घरातही सुट्टीचे बेत चालले असतील. यादी करण्याआधी, घरात सर्वांत हळू कोण चालते ते एकदा पाहा आणि त्यांच्या पावलांनी दिवस मोजा. ठिकाणे कमी होतील, माणसे पूर्ण येतील, इन्शाअल्लाह.