श्रेणिकाचा हत्ती आणि आमची गाडी



त्या वर्षी पाऊस उशिरा आला. आषाढ शुद्ध चतुर्दशीच्या आदल्या रात्री आम्ही आलापल्लीहून एटापल्लीला घरी परतत होतो. मांडीवर पूजेच्या फुलांची परडी. सूरजागडच्या खनिजाच्या ट्रकांनी लाल झालेला रस्ता, दोन्हीकडे जंगल आणि नुकताच पडलेला पहिला दणदणीत पाऊस. गाडीच्या उजेडात एकदम दिसलं, रस्ताभर बेडूकच बेडूक!

"अहो, हळू!" म्हणेपर्यंत चाकाखाली बारीकसा आवाज झाला.

रात्रभर राजगृहीचा बेडूक डोळ्यांपुढे होता. रत्नकरंड श्रावकाचारात पूजेचं फळ सांगताना समंतभद्र आचार्यांनी त्याचाच दाखला दिला आहे. पूर्वजन्मीचा नागदत्त शेठ आर्तध्यानात मेला आणि आपल्याच विहिरीत बेडूक झाला. भगवान महावीरांचं समवसरण आल्याचं कळताच तोंडात कमळाची पाकळी धरून निघाला, वाटेत श्रेणिक राजाच्या हत्तीच्या पायाखाली आला आणि त्या शुभ भावाने देव झाला. आपण मुलांना सांगतो, बघा, बेडकाचाही भाव केवढा! पण हत्तीवरचा राजासुद्धा दर्शनालाच चालला होता, हे त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं. माझ्याही मांडीवर फुलंच होती.

बेडकांचे पाय परदेशी पाठवणं भारताने १९८७ साली बंद केलं. ते वाचून वाटायचं, आपण शाकाहारी, आपला काय संबंध? पण हिंसा ताटातच होते असं नाही, घाईतही होते.

पहिल्या पावसात नर पिवळेजर्द होऊन ओरडतात, आणि डबकं दिसेल तिथे, अगदी ट्रकच्या चाकोरीतही, अंडी पडतात. शेपटीवाली पिल्लं आधी माशांसारखी कल्ल्यांनी श्वास घेतात. काही आठवड्यांत पाय फुटतात, शेपूट जिरते. त्याआधी पाणी आटलं की सगळी जातात. म्हणून तर पावसाळ्यात मुनिमहाराज विहार थांबवून वर्षायोग धरतात. आपण संसारी, थांबता येत नाही, पण हळू जाता येतं. आता पहिल्या पावसात रात्रीचा प्रवास आम्ही टाळतो. निघावंच लागलं, तर मी रस्त्यावर नजर ठेवते.

गडचिरोलीत मलेरिया फार, म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस पाळावाच लागतो. पूर्वी मी मागच्या अंगणातलं टाकं सरळ फरशीवर उपसायची. आता आधी वाकून बघते. पिल्लं असली तर गाळण्यावर अलगद घेऊन, पाण्याच्या बादलीतून शेजारच्या बोडीत सोडते. आजीने शिकवलं होतं, गाळण्यावरचे जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत सोडायचे. त्याचाच हा थोडा विस्तार.

चतुर्दशीला फुलं वाहिली, पण हात जड होता. आधी क्षमा मागितली, मग पूजा केली. मैत्रिणींनो, उद्या टाकं उपसण्याआधी तुम्हीही एकदा वाकून बघाल ना?