फडक्यानं केला घात!

माझ्या आयुष्यातला सगळ्यात महागडा फडका मी शंभर रुपयांना तीन या भावानं घेतला. तोही सिग्नलवर!

त्याचं झालं असं, की गेल्या दिवाळीत बाबांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ‘आता रात्रीचं नको’ म्हणता म्हणता त्यांचं ड्रायव्हिंग सुटलंच होतं. 2013 मध्ये रिटायर झाल्यावर घेतलेली ही काळी गाडी म्हणजे बाबांचा जीव. रोज सकाळी बादलीभर पाणी, जुन्या बनियनचे तुकडे आणि अर्धा तास. हाच त्यांचा मॉर्निंग वॉक!

आपणही गाडी चकाचक ठेवायची, असं मी ठरवलं. पण फ्रीलान्सरच्या सकाळी तो अर्धा तास आणायचा कुठून? म्हणून तो जांभळा फडका. पाकिटावर चक्क ‘मायक्रोफायबर’ लिहिलं होतं. असाइनमेंटला निघताना सुक्या धुळीवरून दोन हात मारले, की गाडी रेडी!

महिनाभरानं एका रविवारी, कोवळ्या उन्हात बाबा बॉनेटसमोर उभे राहिले. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, गोल रेघा! बाबा काही बोलले नाहीत. नुसतं बोट फिरवलं आणि वर निघून गेले. ओरडले असते तर परवडलं असतं हो...

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या डिटेलिंगवाल्याकडे धडकले. त्यानं फडका उलटसुलट केला आणि हसला. ‘ताई, ह्यानं गाडी पुसली जात नाही, घासली जाते!’

मग माझी शिकवणीच सुरू झाली. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या जातीतलं पॉलिअमाइड. चांगल्या फडक्यात हे प्रमाण 80-20 किंवा 70-30 असतं आणि धागा चिरलेला असतो. त्या चिरांमध्ये धूळ आणि पाणी अडकतं. कोरड्या तळव्याला फडका किंचित अडकला, तर समजा धागा चिरलेला आहे. पाकिटावर जीएसएम बघायचा, म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम. काचेला 250-300 पुरतो, पेंटला 350च्या वरचा, लांब लव असलेला बरा. टोचरं लेबल कापून टाकायचं, काठाची शिवण कडक नको. शंका आली तर घरातल्या जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर घासून बघा. सीडीवर चरे आले तर तो फडका टायरला!

चाकांचा फडका वेगळा, पेंटचा वेगळा. जमिनीवर पडलेला फडका पुन्हा पेंटला लावायचा नाही. धुताना सुती कपड्यांबरोबर टाकायचा नाही, त्यांची लव चिकटते. फॅब्रिक सॉफ्टनर आणि इस्त्री तर विसराच.

‘पण माझे बाबा वर्षानुवर्षं बनियननं पुसत होते, तेव्हा कुठे रेघा आल्या?’ मी शेवटचा बचाव केला.

‘ते आधी पाणी मारत होते ना!’

खल्लास. फडका स्वस्तातला होताच, पण खरी चूक माझ्या घाईची होती. सुकी धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती दाबून फिरवली, की पॉलिश पेपर तयार!

रेघा पॉलिशनं जातात. पण पॉलिश म्हणजे वरच्या क्लिअर कोटचा पातळ थर खरवडणं, आणि तो थर मुळातच केसापेक्षा बारीक. ‘आधी सवय बदला, मग पॉलिश करू,’ तो म्हणाला. गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघितला!

येत्या रविवारी मी पार्किंगमध्ये तीन रंगांचे तीन नवे फडके मांडून बसले. बाबा खाली आले. एक उचलून तळव्यावरून फिरवला.

‘हाताला अडकतोय गं.’

‘अडकायलाच हवा, बाबा.’

त्यांनी फडक्याची चौपदरी घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

‘थांब, आधी बादली भरून आणतो.’